एक पोतं, तीन बिऱ्हाडं

मुंबईत घरखर्च आटोक्यात ठेवायचा तर सगळ्यात आधी शेजार लागतो. पंख्याचं बटण, गॅसची ज्योत, भाजीचे देठ हे सगळं त्यानंतर. पैसे वाचवण्याचे सल्ले हल्ली खूप वाचायला मिळतात आणि जवळजवळ सगळे एकेकट्या माणसाला दिलेले असतात: हे कमी करा, ते बंद करा, बाहेरचं खाऊ नका. चुकीचं काही नसतं त्यात. पण मी परळच्या चाळीत वाढले आणि तिथे बचत हे अख्ख्या मजल्याचं काम होतं. एका घराला न परवडणारी गोष्ट तीन घरांना मिळून परवडायची. आज भांडुपला लिफ्टच्या इमारतीत राहताना, मिळकत तेव्हाच्या कितीतरी पट असताना, मला सारखं वाटतं की आपले खर्च वाढले त्याचं अर्धं कारण आपण एकेकटे झालो हे आहे.

वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि आमच्या घरातून पगाराची तारीखच नाहीशी झाली. कोपऱ्यावरच्या वाण्याने सुरुवातीचे महिने उधारी लिहून घेतली, मग हात जोडले. त्याला तरी काय बोलणार, सगळी चाळच त्याच्या वहीत होती. मग रोख देऊन सुटं आणणं सुरू झालं. शंभर ग्रॅम तेल, पाव किलो डाळ, एका वेळेपुरते तांदूळ. आणि सुटं म्हणजे महाग. हातात पैसे कमी असलेला माणूस थोडं थोडं घेतो आणि म्हणून प्रत्येक किलोला जास्त मोजतो, हा हिशेब आईने त्या दिवसांत बोटांवर मांडून दाखवला होता.

तिने आणि शेजारच्या दोघींनी मिळून दाणाबंदरातून तांदळाचं पोतं आणलं. मुंबईचा धान्याचा घाऊक बाजार तेव्हा मस्जिद बंदरला होता, वाशीला तो नंतर गेला. आमच्याकडे आजोबांनी गावाहून पाठवलेले पैसे होते, सावंतकाकूंची भिशी लागली होती आणि तिसऱ्या घरात शिवणाचे चार पैसे यायचे. पोतं आमच्या खोलीत सोडलं गेलं, कारण आमची खोली जिन्याजवळ. मापट्याने तीन वाटे झाले. तळाला उरलेल्या कण्या कोणाच्या, यावर काहीही बोलणं न होता ठरलं की त्या पाळीपाळीने घ्यायच्या. कण्यांची पेज माझी आवडती होती. आमची पाळी आली की मला सण वाटायचा.

हे काही आमच्याच मजल्यावर घडत होतं असं नाही. गिरणगावाला एकत्र येऊन खरेदी करण्याची सवय जुनी. नायगावला १९४८ मध्ये कामगारांनी उभं केलेलं सहकारी भांडार पुढे अपना बाजार म्हणून मुंबईभर पसरलं. खानावळी चालवणाऱ्या बायकांचंही तसंच. गावाहून एकटे आलेले गिरणीकामगार त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. पैसे पगार झाल्यावर मिळत, धान्य मात्र आधी भरावं लागे. त्या मधल्या दिवसांत सावकार शिरायचा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते या बायकांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. एकट्या बाईला बँक दारात उभी करत नव्हती, गटाला करू लागली. यातलं अर्थशास्त्र साधं आहे आणि मला ते आजही पुरतं.

त्याच १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. बिंदुमाधव जोशी यांचा तिच्यामागे मोठा हात होता. तिची पद्धत मी पार्ल्याला मावशीकडे पाहिली, मे महिन्याच्या सुट्टीत. आसपासच्या काही घरांचा एक संघ. प्रत्येक घराने महिन्याच्या सामानाची यादी भरून द्यायची, पैसे एकत्र जमा करायचे. मग एका ठरावीक दिवशी टेम्पो यायचा, सामान एकाच घरात उतरायचं आणि त्या घरातली बाई, मदतीला आणखी दोघी-तिघी, असे मिळून याद्यांप्रमाणे ढीग लावायचे. पुढच्या महिन्यात ते काम दुसऱ्या घराकडे. दुकानाचं भाडं नाही, चकचकीत पाकीट नाही, जाहिरात नाही. मावशीच्या दिवाणखान्यात साबणाच्या वड्या, शेंगदाणे, चहा, डाळी असे डोंगर मांडलेले असायचे आणि आम्हा मुलांना ढीग मोजायला बसवायचे. माझा पाढ्यांचा सराव तिथे झाला. पंचायत आजही चालू आहे, आणि तुमच्या भागात संघ असेल तर त्यात जावं असं मी आग्रहाने सांगेन. नसेल तर चार घरांनी आपलं आपण सुरू करावं. आम्ही भांडुपला तेच केलं.

त्याची सुरुवात आल्याच्या तुकड्यावरून झाली. लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधली मुलगी भेटली, हातात घरपोच आलेली पिशवी. तिला चहाला आलं हवं होतं. किमान खरेदीची रक्कम भरावी म्हणून वेफर्सची दोन पाकिटं, एक शीतपेय आणि आइस्क्रीम मागवलं होतं, वर हाताळणीचा आकार वेगळा. माझ्या घरी त्या दिवशी पाव किलो आलं पडलं होतं, सात-आठ पावलांवर. तिने दार वाजवलं नाही, कारण आमच्यात दार वाजवण्याची ओळखच नव्हती. चाळीत "काकू, आलं आहे का गं?" हे वाक्य दिवसातून दोनदा ऐकू यायचं आणि त्यात मागणाऱ्याला किंवा देणाऱ्याला कमीपणा नव्हता. दहा मिनिटांत दारात येणाऱ्या सामानाची खरी किंमत ही आहे, की आपल्याला शेजाऱ्याकडे मागता येईनासं झालं आणि त्या न मागण्याचे पैसे आपण रोज भरतो आहोत.

आता आमच्या विंगमधली आठ-नऊ घरं मिळून धान्य आणतात. वर्षाचं भरत नाही. आमच्या आयांच्या काळात एप्रिल-मे मध्ये वर्षाचे गहू भरून, उन्हं देऊन, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवायची रीत होती; तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवायच्या. पण मुंबईच्या पावसाळ्यात दीड खोलीच्या घरात ते टिकवणं कठीण. दमट हवेने धान्याला टोके होतात, पोरकिडे पडतात आणि मग घाऊक भावात वाचलेलं सगळं कचऱ्यात जातं. म्हणून आम्ही दोन-तीन महिन्यांचं घेतो, जूनच्या आधी थोडं जास्त, पावसात कमी. गहू, तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, साखर, शेंगदाणे आणि तेलाचे डबे एवढ्याच जिन्नसांना हात घालतो. किलोमागे वाचतं ते थोडंच दिसतं, पण महिन्याच्या सामानाची बेरीज केली की कळतं. दुकानातून पाकीट घ्यायची वेळ आलीच तर मी त्यावरचा दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव वाचते. तो आता छापावाच लागतो. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हा समज त्या बारीक अक्षरांनी पुष्कळदा खोटा ठरतो.

मसाल्याचं मात्र वर्षाचंच करतो आणि ते लालबागलाच. परळची मुलगी दुसरीकडे कुठे जाणार! मे महिन्यात मसाला गल्लीत पाऊल टाकलं की नाकात ठसका बसतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, काश्मिरी दिसायला. धणे, दगडफूल, नागकेशर, बडीशेप, जायपत्री सगळं तिथेच निवडून घ्यायचं, भाजायचं आणि डंकावर कुटून घ्यायचं. एका घराचा मसाला कुटायला जेवढा वेळ रांगेत जातो तेवढ्याच वेळात तीन घरांचा होतो. म्हणून आम्ही तिघी जातो, जाताना लोकल, येताना टॅक्सी वाटून. घरात वर्षाचा तिखट-मसाला असला की बाहेरून काही मागवायची इच्छाही कमी होते, हा माझा अनुभव. साधी बटाट्याची भाजीसुद्धा त्याने जेवणासारखी लागते.

तशीच सुक्या मासळीची बेगमी. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि त्या काळात ताजी मासळी परवडत नाही. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी मे अखेरीस सोडे, सुके बोंबील, जवळा, करंदी आणून, पुन्हा एक कडक ऊन दाखवून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावी. मुसळधार पावसात बाजारात जायची गरज नाही. वांग्यात चार सोडे टाकले की घरभर वास सुटतो. आमच्या विंगमध्ये तीन घरं शाकाहारी आहेत, त्यामुळे डबे घट्ट झाकणाचे हे मी मुद्दाम सांगते. शेजारावर चालणाऱ्या काटकसरीत शेजाऱ्याच्या नाकाचाही विचार करावा लागतो.

स्वयंपाकघरात वाया जाणाऱ्या गोष्टींबद्दल मराठी घरांना काय शिकवायचं! दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे देठ, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचं थालीपीठ, नासलेल्या दुधाच्या वड्या, फोडणीची पोळी. हे सगळ्यांना येतं. मला थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं ते दुधाबद्दल, कारण शहरात अनेक घरांत सायीचा हिशेब मोडला आहे. दूध नीट तापवून, गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी जाड साय हाताला येते. ती एका भांड्यात चमचाभर दही घालून साठवत जायची, आठवड्याने घुसळायची. लोणी निघतं, ताक निघतं. ताकाची एका दिवशी कढी, उरलं तर त्यात शिळी भाकरी कुस्करून वर लसणाची फोडणी. लोण्याचं तूप. तूप कढवताना तळाला जी बेरी राहते ती टाकायची नाही. गूळ घालून मुलांना द्यायची किंवा कणकेत मळायची, पोळ्या खुसखुशीत होतात. पिशवीतल्या त्याच दुधातून पाच पदार्थ निघतात आणि बाजारचं तूप आणायचं वाचतं. यात विरजणाचा एक चमचा तेवढा लागतो, आणि तो बिघडला की शेजारून आणायचा. दही लावणाऱ्या दोन घरांची ओळख असणं ही किती मोठी सोय आहे हे उन्हाळ्यात समजतं.

पण इथे मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. या सगळ्यामागे हात असतात, आणि ते बहुतेक वेळा एकाच बाईचे असतात. साय साठवणं, देठ निवडणं, धान्य पाखडणं, शिळ्याचं ताजं करणं यात तास जातात. माझी आई शेवटची भाकरी आम्हाला वाढून स्वतः कण्यांच्या पेजेवर झोपायची आणि गुडघे दुखले तर तेल चोळून गप्प बसायची. तिच्या पोटातून आणि गुडघ्यांतून काढलेल्या पैशाला मी बचत म्हणायला तयार नाही. घरातल्या बाईचं फळ, दूध, चष्मा, औषध यांवर कात्री चालवून महिन्याचा हिशेब जुळत असेल तर तो हिशेब चुकला आहे. औषधांत वाचवायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्यावीत. रक्तदाब, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांत तिथे फार मोठा फरक पडतो, आणि गोळी चुकवून पैसे वाचवण्याची वेळ कोणावर येऊ नये. आणि कामं वाटून घ्यावीत. आमच्याकडे धान्य निवडणं आणि डबे भरणं ह्यांचं काम, माझ्या नवऱ्याचं, आणि ते माझ्यापेक्षा स्वच्छ करतात.

विजेचं गणित मी थोडक्यात सांगते. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला जवळपास २० युनिट वाचतात. आणि आपल्या बिलात १००, ३००, ५०० युनिटांचे टप्पे असतात, पुढच्या टप्प्यात दर चढतो. म्हणजे वाचलेलं युनिट हे नेहमी आपल्या सगळ्यात महागड्या टप्प्यातलं असतं. म्हणून सगळ्यात जास्त चालणारा पंखा आधी बदलावा. २,००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, तेव्हा आंघोळी एकामागोमाग उरकाव्यात. एसी असेल तर २४ वर ठेवून सोबत पंखा.

पण विजेचा एक भाग असा आहे ज्याकडे कोणी बघत नाही: सोसायटीचं सामायिक बिल. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. ते मेंटेनन्समध्ये गुपचूप मिसळून येतं आणि आपल्या घरच्या मीटरवर दिसत नाही. आमच्याकडे जिन्यातल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी लावले, माणूस आला की लागणारे, आणि पंप सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी चालवायचं ठरवलं. सर्वसाधारण सभेत त्यावर दोन तास वाद झाला, पण झालं. गच्चीवर सौर पॅनेल लावायचा विचार चालू आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या पीएम सूर्य घर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी दर किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पाण्याचंही असंच. आपल्याला तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, भातसा या सात तलावांतून पाणी येतं, त्यातलं बरंचसं शहापूर-मोखाड्याच्या बाजूने, कितीतरी किलोमीटर वाहून. वरच्या टाकीतून पाणी ओसंडून गेलं की ते सगळ्यांचं जातं, आणि मे महिन्यात टँकर मागवला की पैसेही सगळ्यांचे. टाकीचा बॉलकॉक बिघडलेला पहिल्यांदा दिसेल त्याने सांगायचं, एवढा एक नियम आम्ही फलकावर लावला.

लोकलच्या पासाचं अनेकांना माहीत नसतं म्हणून सांगते. तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या २.७ पट असतो, सहा महिन्यांचा ५.४ पट आणि वर्षाचा १०.८ पट. म्हणजे तिमाही पास काढला की दहा टक्के वाचतात, आणि त्याहून लांबचा काढून टक्का वाढत नाही. नोकरी बदलण्याची शक्यता असेल तर वर्षाचा पास काढून पैसे अडकवण्यात अर्थ नाही, तिमाहीच ठीक.

आता भिशी. मोठ्या वस्तूंसाठी हप्ते घेण्यापेक्षा मला भिशी जास्त भावते, पण दोन अटींवर. दहा जणींनी दर महिन्याला दोन-दोन हजार काढले की दरवेळी वीस हजारांची चिठ्ठी एकीला लागते. कोणाचं वॉशिंग मशीन येतं, कोणाच्या मुलाची फी भरली जाते. व्याज मिळत नाही, व्याज द्यावंही लागत नाही. दर महिन्याला बाजूला काढण्याची शिस्त मात्र लागते, कारण नऊ जणी वाट बघत असतात. पहिली अट, सगळ्या एकमेकींच्या घरी जाणाऱ्या-येणाऱ्या हव्यात. दुसरी, रक्कम एवढीच ठेवायची की एखादीचा महिना चुकला तर कोणाचं घर हलू नये. जादा परतावा देतो म्हणणारी अनोळखी माणसाची भिशी असेल तर तिथून सरळ उठून यावं. घरातली खरी शिल्लक पोस्टाच्या आवर्ती ठेवीत किंवा पीपीएफमध्येच असावी.

वस्तू वाटून घेण्याचं आम्ही अलीकडे मनावर घेतलं. शिडी, ड्रिल मशीन, मोठं इडलीपात्र, पुरणयंत्र, गौरी-गणपतीला लागणारी मोठी पातेली, आजारी माणसाची काठी आणि कमोडची खुर्ची. प्रत्येक घरात वर्षातून एकदा लागणाऱ्या या वस्तू प्रत्येक घराने का घ्याव्यात? जागेचं भाडं धरलं तर मुंबईत माळ्यावर पडून राहिलेली शिडीही महाग आहे. आता कोणाकडे काय आहे याची यादी तळमजल्यावर लावली आहे. वस्तू नेली की वहीत नाव लिहायचं, मोडली तर दुरुस्त करून आणायची. कुकरची रिंग, मिक्सरचं पातं, छत्रीची काडी दुरुस्त करणारे कुठे बसतात तेही त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. पूर्वी बोहारीण दारावर यायची, जुन्या साड्यांवर स्टीलचं भांडं द्यायची. आता क्वचित दिसते. आमच्या जुन्या सुती साड्या आम्ही विंगमधल्या एका आजींना देतो, त्या गोधड्या शिवतात आणि आम्ही शिलाई देतो.

चौथ्या मजल्यावर सांगलीहून आलेलं एक तरुण जोडपं भाड्याने राहायला आलंय. दोघांची रात्रपाळी असते, त्यामुळे धान्य वाटायच्या दिवशी त्यांना बसता येत नाही. भाडेकरूंना घ्यावं का, वर्षाने निघून जातील, असा सूर एक-दोघींनी लावला. चाळीत अर्धी बिऱ्हाडं बदलत असायची, तरी कोणाला वगळलं नव्हतं, हे मी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. शेवटी त्यांनी पैसे गोळा करून हिशेब मोबाइलवर ठेवायचा, आणि त्यांचा वाटा शेजारच्या वहिनींनी काढून ठेवायचा, असं ठरलं. आषाढी जवळ आली आहे, मागोमाग श्रावण. या वेळच्या यादीत साबुदाणा, वरीचे तांदूळ, शेंगदाणे आणि कडवे वाल वाढवले आहेत. मागणी शनिवारपर्यंत द्यायची आहे, आणि रविवारी सामान आमच्याकडे उतरणार आहे.